पर्वतावरचें रक्त

रक्त तांबडें असतें हें लहान मुलासही ठाऊक असतें. परंतु सर्व प्राण्यांचें तांबडें रक्त प्राणवायूला सारख्याच ओढीनें धरून ठेवीत नाहीं, ही गोष्ट फारच थोड्यांना माहीत असते. रक्ताला रंग देणारें हीमोग्लोबिन म्हणजे प्राणवायूचा हमालच होय. फुप्फुसांत त्यानें ओझें उचलावयाचें आणि स्नायूंत, मेंदूंत नेऊन उतरावयाचें. उचलण्यांत तो फार हावरा असला तर उतरवितांना हात आखडतो. उतरविण्यांत फार उदार असला तर विरळ हवेंत त्याला पुरेसें ओझेंच मिळत नाहीं. ही ओढ मोजण्याची रीत सोपी आहे. निम्में हीमोग्लोबिन भरण्यास प्राणवायूचा किती दाब लागतो तें पाहावयाचें. मनुष्याच्या रक्तास पाऱ्याचे सुमारें २७ मिलिमीटर लागतात. आंकडा जितका लहान, तितकी ओढ मोठी.

कोपनहेगनचे ख्रिस्तियन बोर, म्हणजे अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील, यांनीं दोन सहकाऱ्यांसह १९०४ सालीं दाखवून दिलें कीं, कर्बवायु वाढला म्हणजे रक्ताची ही ओढ कमी होते. केंब्रिजचे जोसेफ बारक्रॉफ्ट यांना मात्र पर्वतांचें वेड. १९२० सालीं ते स्वतः एका कांचेच्या खोलींत विरळ हवेंत सहा दिवस राहिले, आणि १९२१-२२ च्या हिवाळ्यांत पेरू देशांत सुमारें ४३०० मीटर उंचीवरील सेरो द पास्को या खाणीच्या गांवीं जाऊन पोहोंचले. उंचावर मनुष्याचें रक्त प्राणवायूला अधिक घट्ट धरतें, असें त्यांचें मत झालें. पुढील मोजमापांनीं तें टिकूं दिलें नाहीं. पर्वतावर मनुष्याची पकड उलट किंचित् सैलच होते.

१९३५ सालीं चिली देशाच्या पर्वतांत एक आंतरराष्ट्रीय मंडळी गेली. त्यांपैकीं हॉल, डिल व बॅरन यांनीं लामा व व्हिकुन्या या तेथील प्राण्यांचें रक्त तपासलें. त्याची ओढ सपाटीवरील बहुतेक सस्तन प्राण्यांहून अधिक निघाली. मापन चोख होतें. त्यावरून लोकांनीं काढलेला अर्थ, कीं पर्वतानेंच हें रक्त घडविलें, तो मात्र घाईचा होता असें मला वाटतें.

याचें कारण असें. लामाचे पूर्वज मूळचे उत्तर अमेरिकेंतले. त्याच कुळाची दुसरी शाखा आशियांत येऊन उंट झाली. आतां उंट कांहीं पर्वतशिखरांवर राहत नाहीं. तरीही सपाटीवरील उंटाच्या रक्ताची ओढ बरीच मोठी आहे. म्हणजे या ठेव्याचा कांहीं भाग तरी लामानें पर्वत चढण्यापूर्वींच गांठीं बांधला असला पाहिजे.

लामाची स्वतःची भरही आहे. १९६७ सालीं अमेरिकेंत दोन ठिकाणीं स्वतंत्रपणें आढळून आलें कीं, तांबड्या पेशींतील डायफॉस्फोग्लिसरेट नांवाचें द्रव्य हीमोग्लोबिनच्या मधल्या पोकळींत बसतें आणि त्याची पकड ढिली करतें. या पोकळीच्या तोंडाशीं, बीटा सांखळीच्या दुसऱ्या स्थानीं, मनुष्याप्रमाणेंच उंटांतही हिस्टिडिन असतें. लामांत तेथें ॲस्परॅजिन आहे. त्यामुळें तें द्रव्य नीट बसत नाहीं व पकड घट्ट राहते. गर्भांतील मनुष्याची युक्तीही याच जातीची. त्याच्या गॅमा सांखळींत १४३ व्या स्थानीं हिस्टिडिनऐवजीं सेरिन असतें, आणि म्हणून तो मातेच्या रक्तांतून प्राणवायु ओढून घेऊं शकतो. मेंढी, गाय, मांजर यांचा मार्ग अगदींच निराळा: त्यांचें हीमोग्लोबिन मुळांतच ढिलें, त्यास त्या द्रव्याची फारशी गरजच पडत नाहीं. उंदरासारख्या लहान जीवांना तर ढिलेपणाच हवा. त्यांचें अंग लवकर निवतें, आणि ऊब राखण्यासाठीं पेशींना प्राणवायु भराभर लागतो.

एवढ्यावरून लामाचें तें एक अक्षर पर्वताची खूण मानण्याचा मोह होतो. परंतु १९८२ सालीं आपल्याकडील हत्तीच्या हीमोग्लोबिनची रचना प्रसिद्ध झाली, आणि बीटा सांखळीच्या दुसऱ्या स्थानीं तेंच ॲस्परॅजिन निघालें! हत्ती तर अरण्यांतला.

न्याय्य कसोटी लागली ती उत्तर अमेरिकेंतील हरीण-उंदरावर. ही एकच जात रॉकी पर्वतांतही राहते व सपाट गवताळ प्रदेशांतही. पर्वतांतील उंदरांची ओढ खरोखरच अधिक आहे. १९१२-१३ च्या नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या कामांत या फरकाची एकेक अदलाबदल स्वतंत्रपणें करून पाहण्यांत आली. तेव्हां दिसलें कीं, एकच बदल एका सांखळीच्या सोबतीनें ओढ वाढवितो, आणि सोबत बदलली कीं तीच ओढ कमी करतो.