रानपिंगळा आणि त्याचा गावकरी भाऊ

पिंगळा कोणास दाखवावा लागत नाही. जुन्या वडाच्या ढोलीत वा पडक्या वाड्याच्या भिंतीत तो राहतो आणि तिन्हीसांजेला त्याची चिरकी कलकल सुरू होते. माणसाच्या वस्तीस तो असा सरावला आहे, की त्याच्या वंशाची चिंता आजही कोणास करावी लागत नाही. त्याचा भाऊबंद रानपिंगळा मात्र एकशे तेरा वर्षे नाहीसा मानला गेला. यात एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या लबाडीचाही हात होता, हे आम्हांस सांगावयाचे आहे.

काँग्रेसच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपण ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांस ओळखतो. रानपिंगळ्याचे पहिले शास्त्रीय वर्णन त्यांचेच, १८७३ सालचे. पुढे जेम्स डेव्हिडसन या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या खानदेशात आणखी काही पक्षी मारले. १८८४ नंतर मात्र एकही खरा नमुना नाही. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात कातडी, एवढीच काय ती त्याची पुंजी!

त्या सातांपैकी एकावर कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांची चिठ्ठी होती: तापीकाठचे मांडवी, साल १९१४. कर्नलसाहेबांच्या शब्दावर संशय घेणार कोण? शोधणारे त्या ठिकाणी गेले आणि रिकाम्या हाताने परतले. अखेर पामेला रासमुसेन या अमेरिकन विदुषीने ते कातडे बारकाईने तपासले. पेंढा भरण्याची मूळ पद्धत डेव्हिडसनची निघाली. संग्रहालयातून चोरलेला पक्षी कर्नलांनी नवी चिठ्ठी लावून आपला म्हणून मिरवला होता! मांडवी सोडून जुन्या, खऱ्या चिठ्ठ्यांमागे गेलेल्या रासमुसेनबाईंना व त्यांच्या सोबत्यांना २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, दिवसाढवळ्या, रानपिंगळा बसलेला दिसला.

दोघांत गल्लत होणे सोपे आहे. पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके दाट असतात. रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे, चोच थोराड आणि छाती गडद तपकिरी. खरा भेद राहणीचा. गावकरी भाऊ कोठेही भागवून घेतो. याला सागाचे मोकळे रान व ढोलीची जुनी झाडे हवीत, आणि तीच तुटत गेली.

२०१८ साली त्याला अतिसंकटग्रस्तांच्या यादीतून संकटग्रस्तांच्या यादीत आणले. हे वाचून कोणी हुरळून जाऊ नये. रान वाढले नाही, पाहणारे वाढले. मेळघाटासारख्या ठिकाणी तो अधिक सापडला, इतकेच. २०१४ साली तर तो, मुंबईकर ज्या तानसा तलावाचे पाणी पितात, त्याच्या भोवतीच्या रानात आढळला.