गोदावरीतील कृत्रिम रसायनांचे निरीक्षण (नाशिक)

गोदावरी आणि नाशिक परिसरातील तिच्या उपनद्या-नाल्यांच्या पाण्यात उतरणारी मानवनिर्मित रसायने ओळखणे, मोजणे व त्यांची कालानुक्रमे नोंद ठेवणे, असा या निरीक्षणाचा अर्थ आहे. डिटर्जंट, कीटकनाशके, बुरशीनाशके, वेलींची वाढ रोखणारी किंवा वाढवणारी संजीवके, औषधांचे अंश, कारखान्यांतील द्रावके ही त्यातली मुख्य. मैला, निर्माल्य, पानवेली हे प्रदूषण घाटावर उभ्या माणसाला दिसते किंवा नाकाला कळते. ही रसायने मात्र लिटरमागे मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागतात आणि तेवढ्या प्रमाणात बहुतेकांना रंग-वास नसतो. प्रयोगशाळेत जे शोधायला घेतले तेच सापडते, उरलेल्याची नोंदच होत नाही. नाशिकमध्ये या विषयाची सगळी अडचण इथेच आहे.

नदीचा मार्ग. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणात अडते. शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः याच धरणातून येते, त्यामुळे नाशिककर जे पितात ते शहराच्या वरचे पाणी असते. पुढे सोमेश्वर, रामकुंड, तपोवन असा प्रवास करताना शहराचे नाले तिला मिळतात. सातपूर व अंबड औद्योगिक वसाहतींच्या बाजूने येणारी नासर्डी (महापालिकेच्या लेखी नंदिनी, लोक अजून नासर्डीच म्हणतात) टाकळीजवळ गोदावरीला मिळते. वालदेवीचे पाणी दारणेमार्गे येते. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षपट्ट्यातून वाहणारी कादवा नांदूरमधमेश्वर बंधाऱ्यापाशी येऊन मिळते. तिथून नदी पैठणच्या नाथसागराकडे जाते आणि छत्रपती संभाजीनगरची तहान भागवते.

शासकीय यंत्रणा. 1969 च्या राज्य कायद्यानुसार 1970 मध्ये महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. केंद्राचा जलप्रदूषण कायदा 1974 चा. राष्ट्रीय पातळीवर नद्यांचे नियमित नमुने घेण्यास 1978 पासून सुरुवात झाली आणि गोदावरीवर गंगापूर धरण, सोमेश्वर, रामकुंड, तपोवन अशी स्थानके त्या साखळीत आहेत. मंडळाची प्रादेशिक प्रयोगशाळा नाशिकमध्येच आहे. मंडळाचा जलगुणवत्ता निर्देशांक चार गोष्टींवर काढला जातो: सामू, विरघळलेला प्राणवायू, जैवरासायनिक प्राणवायू मागणी (बीओडी) आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणू. स्नानयोग्य पाण्याचे केंद्रीय निकषही याच घराण्यातले. बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमपर्यंत, प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम, सामू 6.5 ते 8.5 आणि जिवाणूंची मर्यादा. रामकुंडाचे पाणी स्नानाला योग्य की अयोग्य, हे ठरवणाऱ्या या कोष्टकात एकही कृत्रिम रसायन नाही. धातू व कीटकनाशके तपासली जातात, पण निवडक स्थानकांवर आणि सर्वसाधारणपणे वर्षातून एकदा.

2018 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यांपैकी 53 महाराष्ट्रातले होते. सोमेश्वर ते राहेड हा गोदावरीचा पट्टा पहिल्या, म्हणजे सर्वांत वाईट गटात होता. ही क्रमवारीही बीओडीवरच आधारलेली. 2012 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात दाखल झालेल्या जनहित याचिकेनंतर न्यायालयाने नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेला उपाय सुचवण्यास सांगितले. त्यातून सांडपाण्याची चर्चा तरी आकड्यांवर येऊन ठेपली. पण आकडे पुन्हा मैल्याचे.

डिटर्जंट. कृत्रिम रसायनांपैकी डोळ्यांना दिसणारे हे जवळपास एकटेच. पाण्याचा नमुना काचेच्या फनेलमध्ये घेऊन त्यात मिथिलीन ब्लू हा निळा रंग आणि क्लोरोफॉर्म घालतात व जोराने हलवतात. एरवी हा रंग पाणी सोडत नाही. डिटर्जंटचा रेणू त्याला चिकटला की दोघे मिळून तळाच्या क्लोरोफॉर्ममध्ये उतरतात. तळाचा थर जितका गडद निळा, तितके डिटर्जंट जास्त. तो गडदपणा 652 नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने लिटरला 0.2 मिलिग्रॅम ही मर्यादा घातली आहे; दुसरा स्रोतच नसेल तर 1 मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे.

1960 च्या दशकात युरोप-अमेरिकेतील नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहिल्यावर उत्पादकांनी न कुजणारे जुने डिटर्जंट सोडून एलएएस हा सरळ साखळीचा प्रकार आणला. हवा मिळाली की तो लवकर तुटतो. हवेविना मात्र जवळपास तसाच राहतो, आणि नाशिकची जुनी मलनिस्सारण केंद्रे नेमकी हवेविना चालणाऱ्या ‘यूएएसबी’ पद्धतीची आहेत. तपोवनात केंद्राचे पाणी नदीत पडते तिथे दिसणाऱ्या फेसामागे हेही एक कारण धरावे लागते. तरीही फेस हा पुरावा नव्हे. कुजणाऱ्या पानांतली प्रथिनेसुद्धा फेस करतात, म्हणून निळी चाचणी चुकवता येत नाही.

सातपूर-अंबडच्या प्लेटिंग कारखान्यांतील षट्संयुजी क्रोमियम हा काटेकोर अर्थाने कृत्रिम रेणू नव्हे, पण निरीक्षणात त्याला सोबत घेतात. डायफिनिल कार्बाझाइड घातले की नमुना जांभळट होतो. नदीत सोडण्याच्या सांडपाण्यात त्याची मर्यादा लिटरला 0.1 मिलिग्रॅम आहे.

द्राक्ष आणि नदी. नाशिक जिल्ह्यात कृत्रिम रसायनांची सर्वांत बारकाईने तपासणी होते ती पाण्याची नव्हे, द्राक्षाची. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी या दोन्हींनंतर बागेत फवारण्या सुरू होतात. डोळे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट, डाऊनी व भुरी या रोगांसाठी बुरशीनाशके, मण्यांची फुगवण व्हावी म्हणून ‘जीए’चे (जिबरेलिक आम्लाचे) डिपिंग. शेतकरी या सगळ्याला सरसकट ‘औषध’ म्हणतो. परतीचा पाऊस लांबला की डाऊनीचा धोका वाढतो, फवारण्या वाढतात आणि तोच पाऊस पानांवरचे औषध धुऊन ओढ्याला नेतो. ब्लोअरची टाकी ओढ्याच्या कडेला धुतली जाते तेव्हा तर पावसाचीही गरज उरत नाही.

युरोपला जाणाऱ्या मालासाठी ‘अपेडा’ या केंद्रीय कृषी निर्यात प्राधिकरणाने 2006 मध्ये ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था सुरू केली. प्रत्येक प्लॉटची नोंदणी होते, काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना घेतो आणि शेकडोंच्या घरातील रसायनांची यादी तपासली जाते. या कामाची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा पुण्याजवळ मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात आहे. या व्यवस्थेचा खरा धडा 2010 चा. फुटींची वाढ रोखणारे क्लोरमेक्वाट क्लोराइड (बागाइतदारांच्या बोलीत लिहोसिन) त्या वेळी तपासणीच्या यादीत नव्हते. इथल्या अहवालांत माल निर्दोष ठरला आणि युरोपच्या बंदरांवर अडकला. तिथली मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती. हे रसायन पाण्यात अतिशय सहज विरघळते, त्यामुळे अनेक कीटकनाशके एकाच दमात पकडणाऱ्या नेहमीच्या चाचणीत ते येतच नाही; त्याला स्वतंत्र पद्धत लागते. निर्यातदार व बागाइतदारांचे मोठे नुकसान झाले आणि रसायन यादीत आले.

द्राक्षाला परदेशी गिऱ्हाईक आहे, म्हणून यादी वाढली. कादवेच्या पाण्याला असे गिऱ्हाईक नाही. पाण्यात सहज विरघळणारी द्रव्ये फळापेक्षा ओढ्यात शोधणे अधिक शहाणपणाचे, हे रसायनशास्त्र जाणणाऱ्या कोणालाही पटेल. यंत्रे तीच, तज्ज्ञ तेच, अंतरही फार नाही. ग्रेपनेटची यादी आणि फवारणीचे वेळापत्रक घेऊन नांदूरमधमेश्वरच्या वरच्या अंगाला नमुने घेतले, तर नव्याने शोधण्यासारखे फारसे काही उरणार नाही.

औषधांचे अंश. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने 1999-2000 मध्ये 139 प्रवाहांत 95 रसायने शोधली; 80 टक्के प्रवाहांत त्यांपैकी किमान एक तरी मिळाले. गोदावरीच्या खोऱ्यातले उदाहरण याहून जळजळीत आहे. तेलंगणातील पाटणचेरूच्या औषध कारखान्यांचे पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्राच्या सांडपाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे प्रतिजैविक लिटरला 31 मिलिग्रॅमपर्यंत आढळल्याचे 2007 मध्ये प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते. तिथले नाले मांजरा नदीला मिळतात आणि मांजरा गोदावरीला. सांडपाण्यातील प्रतिजैविकांवर मर्यादा घालणारा मसुदा केंद्र सरकारने जानेवारी 2020 मध्ये काढला. 2021 च्या अंतिम अधिसूचनेत त्या मर्यादा राहिल्या नाहीत. मर्यादाच नसल्याने नाशिकमध्येही प्रतिजैविके मोजण्याची कोणावर सक्ती नाही.

नमुना कधी व कशाचा. कीटकनाशकांसाठी पाणी प्लॅस्टिकच्या नव्हे, तपकिरी काचेच्या बाटलीत घेतात, कारण काही रेणू प्लॅस्टिकला चिकटतात आणि काही उजेडाने तुटतात. बाटली बर्फात ठेवून प्रयोगशाळेत नेतात आणि वायू किंवा द्रव क्रोमॅटोग्राफीला जोडलेल्या वस्तुमान वर्णपटमापकाने तपासतात. तरी ती बाटली फक्त त्या क्षणाची असते. गंगापूर धरणातून आवर्तन सुटले असेल, तर रसायने पातळ होऊन आकडा सुधारतो. सिंहस्थ कुंभमेळ्यात पर्वणीच्या स्नानासाठी पाणी सोडल्यावर तेच होते. म्हणून युरोपात काही आठवडे पाण्यात ठेवायचे शोषक नमुनाग्राहक वापरतात; ते मधल्या काळातले सर्व चढउतार गोळा करतात. डीडीटीसारखी पाण्यात न विरघळणारी, चरबीला चिकटणारी द्रव्ये मात्र बाटलीत शोधून हाती लागत नाहीत. ती गाळात बसतात. नांदूरमधमेश्वर (2020 मध्ये जाहीर झालेले राज्यातील पहिले रामसर स्थळ) हे विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामागे साचलेल्या गाळानेच घडले आहे. त्या गाळाचा उभा गाभा काढून थरागणिक तपासला, तर कोणते द्रव्य कोणत्या दशकात आले, हे वरून खाली वाचता येते.