दिवाबत्तीचा हिशेब : काशीच्या गल्लीतला पॉवर फॅक्टर

तुमच्यापैकी ज्यांचं गावाकडे घर आहे, त्यांनी ग्रामपंचायतीच्या पावतीवर 'दिवाबत्ती कर' हा रकाना पाहिला असेल. शब्द जुना आहे. देवळातल्या नंदादीपासाठी जमीन इनाम द्यायचे, तेव्हाही खर्चाचं नाव दिवाबत्तीच असायचं. तेल किती, वात किती, दिवा लावणाऱ्याला काय द्यायचं, हे सगळं त्यात आलं. आपल्या भाषेत सार्वजनिक उजेड आला तो हिशेबाची वही काखेत घेऊनच. आज मला ही वही काशीत उघडायची आहे. गेल्या दहा वर्षांत त्या शहरातले रस्त्यावरचे दिवे बदलले, जुन्या भागातल्या तारा जमिनीखाली गेल्या, आणि या सगळ्यात एक आकडा असा आहे की ज्याच्याकडे बिल भरणारे क्वचितच बघतात. त्याचं नाव पॉवर फॅक्टर.

काशीच का? एक तर तिथं मराठी माणसाचा दिवा आधीपासून आहे. पंचगंगा घाटावर दगडी हजारा दीपस्तंभ आहे. तो अहिल्याबाई होळकरांनी उभारला असं परंपरा सांगते. कार्तिक पौर्णिमेला, देवदिवाळीच्या रात्री, त्याच्यावरच्या खाचांमध्ये पणत्या लागतात. कार्तिकभर त्याच घाटावर उंच बांबूंवर टोपल्यांमधून आकाशदीप चढवतात. घाटाच्या वर ब्रह्माघाट, दुर्गाघाट या बाजूला मराठी घरं पिढ्यानपिढ्या राहत आली. या दिव्यांचा हिशेब सोपा होता. तेल मापून घालायचं, संपलं की दिवा विझला. जेवढं तेल घातलं तेवढंच जळलं, दिव्यानं जास्तीचं तेल मागून घेतलं आणि सकाळी परत केलं असं कधी झालं नाही.

विजेच्या दिव्यांनी मात्र नेमकं हेच सुरू केलं.

थोडं मागे जाऊ. मुंबईत १८६५ साली रस्त्यावर गॅसच्या बत्त्या आल्या, १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले आणि वीज देणारी कंपनी लगेच बुडाल्यामुळे बाजार पुन्हा गॅसवर गेला. १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यावर शिवसमुद्रमच्या पाण्यावर तयार झालेली वीज आली. या सुरुवातीच्या तारेच्या बल्बमध्ये भानगड नव्हती. तार तापते, उजळते, विजेचा दाब जसा वरखाली होतो तसाच प्रवाहही वरखाली होतो. भानगड आली ती मोटारींबरोबर. १९१५ साली खोपोलीहून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. कुठल्याही गिरणीतल्या मोटारीला फिरण्यासाठी आधी चुंबकत्व लागतं. त्या चुंबकत्वासाठी ती तारेतून जास्तीचा प्रवाह मागते आणि क्षणभरात परत करते. एका सेकंदात अशी देवघेव शंभर वेळा. मीटरवर ती युनिट म्हणून दिसत नाही, पण तार, ट्रान्सफॉर्मर आणि वीजघर यांना ती वाहावी लागते.

हे समजायला गंगेतलाच दाखला घेतो. इंजिनं येण्याआधी प्रवाहाविरुद्ध जाणाऱ्या नावा काठावरून माणसं दोराने ओढत नेत. माणसं काठावर, नाव पाण्यात, म्हणून दोर नेहमी तिरपा. दोरावर ताण पूर्ण येतो, नाव पुढे जाते ती मात्र त्यातल्या सरळ भागानेच. दोर जितका तिरपा तितकी ओढणाऱ्यांची दमछाक जास्त आणि दोरही जाड लागतो. पुढे नेणारा भाग भागिले दोरावरचा एकूण ताण, हाच पॉवर फॅक्टर. दोर सरळ असेल तर १. कोनाचं हे गणित विजेसाठी नीट मांडलं चार्ल्स स्टाइनमेट्झने, १८९३ साली शिकागोत. काशीत मदनमोहन मालवीयांच्या विद्यापीठात १९१९ साली अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं, चार्ल्स किंग प्राचार्य होते. विद्युत आणि यांत्रिक अभियांत्रिकीची पदवी देणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी ती एक. म्हणजे हे गणित शहराला नवं नाही, शंभर वर्षं तिथं शिकवलं जातंय. ते विद्यापीठाच्या फाटकाबाहेर, दिव्याच्या खांबापर्यंत किती पोचलं हा वेगळा प्रश्न.

रस्त्यावरच्या दिव्यांत पॉवर फॅक्टर शिरला तो चोकमधून. ट्यूब, पाऱ्याचा दिवा, मग सोडियमचा तो पिवळा दिवा, या सगळ्यांमध्ये वायूतून प्रवाह जातो आणि त्याला आवरायला तांब्याच्या वेटोळ्यांचा चोक लागतो. चोक म्हणजे मोटारीचाच भाऊ. एकट्या चोकवर चालणाऱ्या दिव्याचा पॉवर फॅक्टर ०.४ ते ०.५ इतका खाली असतो. त्याला औषध म्हणजे कपॅसिटर, आपल्याकडचे वायरमन ज्याला कंडेन्सर म्हणतात तो. चोक जो प्रवाह मागून परत करतो, तो कपॅसिटर जागच्या जागी पुरवतो, वीजघरापर्यंत मागणी जात नाही. पॉवर फॅक्टर ०.८५-०.९ होतो.

इथं एक गंमत आहे. कपॅसिटर खराब झाला, किंवा कोणी कापून टाकला, तरी सोडियमचा दिवा तसाच जळतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला काही कळत नाही, नगरसेवकाकडे तक्रार जात नाही. दिव्याच्या पेटीत उन्हाचा आणि चोकचा ताप, कपॅसिटर काही वर्षांत फुगतो. चोक जळला की लगेच बदलतात, कारण अंधार होतो. कपॅसिटर बदलायला शिडी चढण्याचं कारणच कोणाला पडत नाही.

आकडे बघू या. २५० वॅटचा सोडियम दिवा, चोकचे पंचवीसेक वॅट धरून २७५. कपॅसिटर शाबूत असेल तर २३० व्होल्टवर तो १.३३ अँपिअर घेतो. कपॅसिटर मेला आणि पॉवर फॅक्टर ०.४५ वर आला, तर २.६६ अँपिअर. बरोबर दुप्पट. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. दिव्याचा उजेड तोच, वॅट तेवढेच.

मग हा भुर्दंड कोणाच्या वहीत? उत्तर प्रदेशाच्या वीजदरपत्रकात सार्वजनिक दिव्यांचा 'एलएमव्ही-३' नावाचा वर्ग आहे. त्यात मीटर असलेले आणि मीटर नसलेले असे दोन प्रकार ठेवलेले आहेत. मीटर नसेल तर जोडलेल्या किलोवॅटमागे महिन्याला ठरलेली रक्कम. दिवा लागला काय, महिनाभर बंद राहिला काय, कपॅसिटर जिवंत असो की मेलेला, रक्कम तीच. तेलाच्या दिव्याचा कारकून याहून जास्त काटेकोर होता, हे माझं मत मी लपवत नाही.

आता एलईडीकडे येऊ. १९६२ साली निक होलोनियाक यांनी लाल प्रकाशाचा दिवा केला, पण रस्ता उजळायला पांढरा उजेड हवा आणि त्यासाठी निळा एलईडी हवा. तो नव्वदच्या दशकात जपानमध्ये साधला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली त्याबद्दल नोबेल मिळालं. पाठोपाठ ५ जानेवारी २०१५ रोजी भारतात रस्त्यावरच्या दिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. लक्ष्य १ कोटी ३४ लाख दिवे. काम ईईएसएल या सरकारी कंपनीचं. पद्धत अशी की कंपनी दिवे बसवणार, सात वर्षं सांभाळणार, आणि नगरपालिका वाचलेल्या विजेच्या पैशातून हप्ते फेडणार. वाराणसी नगर निगम या योजनेत आलं. त्याच वर्षी १८ सप्टेंबरला वीजवितरण सुधारण्याची 'आयपीडीएस' योजना वाराणसीतूनच जाहीर झाली (पावसामुळे हा कार्यक्रम आधी पुढे ढकलावा लागला होता). तिच्यातून जुन्या काशीतल्या सुमारे १६ चौरस किलोमीटर भागातल्या तारा जमिनीखाली नेल्या गेल्या. सुमारे ५०,००० ग्राहकांच्या जोडण्या होत्या त्या. गल्लीत डोक्यावर लोंबणारी जाळी गेली, आकाश दिसू लागलं. ज्यांनी जुनी गल्ली पाहिली आहे त्यांना हा केवढा बदल आहे ते सांगायला नको.

एलईडीमध्ये चोक नाही, म्हणून अनेकांना वाटलं की पॉवर फॅक्टरचं दुखणं संपलं. ते संपलं नाही, त्याचं रूप बदललं. एलईडीला सरळ प्रवाह लागतो, म्हणून आत ड्रायव्हर असतो. स्वस्त ड्रायव्हर काय करतो? एक कपॅसिटर भरून ठेवतो आणि विजेचा दाब लाटेच्या टोकाशी आला की तेवढ्यापुरता गटकन प्रवाह ओढतो. बाकी वेळ गप्प. आपल्या नावेच्या भाषेत, दोर आता तिरपा नाही, पण माणसं हिसके देत ओढताहेत. नाव सरासरी तेवढीच पुढे जाते, दोर मात्र हिसक्याला पुरेल इतका जाड लागतो. या हिसक्यांना हार्मोनिक्स म्हणतात आणि त्यांच्यामुळे पॉवर फॅक्टर ०.५५-०.६ पर्यंत खाली येऊ शकतो. जुना कंडेन्सर इथं कामाचा नाही, कारण तो तिरपेपणा दुरुस्त करतो, हिसका नाही. उलट जुन्या पॅनेलमध्ये तो तसाच राहिला तर त्रासच देतो, नको असलेला प्रवाह उलट्या बाजूने मागतो आणि हार्मोनिक्स स्वतःकडे खेचून तापतो.

पुन्हा आकडे. आपल्या २७५ वॅटच्या जागी १२० वॅटचा एलईडी लावला. वॅटमध्ये बचत ५६ टक्के, कागदावर झकास. पण स्वस्त ड्रायव्हर असेल तर तारेवरचा भार, म्हणजे व्होल्ट-अँपिअर, ३०६ वरून २१८ वर येतो, बचत २९ टक्के. चांगला ड्रायव्हर, पॉवर फॅक्टर ०.९५, असेल तर भार १२६. तीच १२० वॅटची पाटी, तोच उजेड, आणि तारेतल्या उष्णतेत तिपटीचा फरक. ड्रायव्हरमध्ये प्रवाहाला दाबाच्या लाटेमागोमाग चालायला लावणारा एक छोटा भाग असतो, त्याच्या किमतीचा हा सगळा खेळ. आता निविदांमध्ये साधारणपणे ०.९ च्या वरचा पॉवर फॅक्टर मागतात, ते याच कारणाने.

काशीला हे जास्त का लागतं, तर न्यूट्रलमुळे. तीन फेजवर दिवे सारखे वाटले की न्यूट्रल तारेतून जवळजवळ काही वाहू नये, असं आपण शाळेत शिकलो. त्या भरवशावर 'साडेतीन कोअर' केबल निघाली, तीन फेजच्या पूर्ण तारा आणि न्यूट्रल अर्धी. पण हिसक्यांमधला तिसरा हार्मोनिक तिन्ही फेजमध्ये एकाच वेळी येतो. तो एकमेकांना खोडत नाही, न्यूट्रलमध्ये येऊन साठतो. वरच्या स्वस्त दिव्यांचे प्रत्येक फेजवर ३३ नग लावले तर फेजमध्ये ३१ अँपिअर आणि न्यूट्रलमध्ये ५० च्या आसपास. ३५ चौरस मिलिमीटरची फेज आणि १६ ची न्यूट्रल असेल, तर न्यूट्रलमध्ये फेजच्या पाचपट तरी उष्णता. खांबावरच्या उघड्या तारेला वारा तरी लागतो. गल्लीत दगडी फरशीखाली, पाण्याच्या नळाशेजारी, गटाराच्या कडेला पुरलेल्या केबलला तो लागत नाही. आणि न्यूट्रल तुटली तर तीन फेजवरच्या दिव्यांना मिळणारा दाब वाटेल तसा हलतो, काही मंद होतात, काहींचे ड्रायव्हर फुंकले जातात. तो सांधा शोधायला फरशा उचलाव्या लागतात, तेही यात्रेकरूंची रांग चालू असताना.

दुसरी अडचण दिव्याच्या आकाराची. अरुंद गल्लीला १२० वॅट कशाला? तिथं १८-२० वॅटचा दिवा पुरतो. हार्मोनिक्सच्या आंतरराष्ट्रीय मानकात २५ वॅटच्या वरच्या दिव्यांना मर्यादा कडक होत्या आणि खालच्यांना बऱ्याच सैल. एक दिवा छोटा म्हणून सूट दिली, पण गल्लीगल्लीत छोट्या दिव्यांची माळ झाली की बेरीज मोठ्या दिव्याचीच होते. मानक लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे घरातला बल्ब असावा, काशीची गल्ली नसावी.

नव्या योजनेत 'सीसीएमएस' नावाची पेटी आली. ती सूर्यास्ताच्या वेळेनुसार दिवे लावते, प्रवाह, दाब, युनिट आणि पॉवर फॅक्टर मोजते आणि मोबाइल नेटवर्कवरून कळवते. तेल मापणारा माणूस परत आला म्हणा ना. पण करारातली बचत मोजतात ती मुख्यतः जुने वॅट वजा नवे वॅट गुणिले तास अशी. पॉवर फॅक्टर पेटीत नोंदला जातो आणि हप्त्याच्या हिशेबात येत नाही. त्याचा भार पडतो वितरण कंपनीच्या केबलवर, म्हणजे वाराणसीत पूर्वांचल विद्युत वितरण निगमवर. ज्याने दिवा निवडला त्याच्या खिशाला झळ नाही, ज्याची केबल तापते त्याला दिवा निवडण्याचा अधिकार नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांना केव्हीएएच म्हणजे व्होल्ट-अँपिअरवर बिल येऊ लागलं. कारखानदारांनी धावाधाव करून कपॅसिटर पॅनेल दुरुस्त केले. रस्त्यावरचे दिवे लघुदाबावर असतात. तुमच्या नगरपालिकेच्या दिव्यांचं बिल माहितीच्या अधिकारात मागता येतं. मागवलंत तर किलोवॅटच्या शेजारी केव्हीएचा रकाना आहे का ते बघा, आणि असला तर मध्यरात्रीनंतरचा आकडा वेगळा मागा. कारण त्या वेळी दिवे मंद करून वीज वाचवतात, आणि एलईडी मंद केला की चांगल्या ड्रायव्हरचाही पॉवर फॅक्टर घसरतो.

पुढच्या भागात मुंबईच्या गॅसबत्त्या आणि त्या लावत फिरणारी माणसं. भेटू.