आक्रमक व्यूहाचें मर्म

विजयाचा इतिहास लिहितांना आघाडीच्या वीरांचें कौतुक करावें व मागून श्रमणाऱ्यांस विसरावें, ही रीत आमच्या बखरींइतकीच जुनी आहे. फुटबॉलचा इतिहासहि तिला अपवाद नाहीं. १९५० सालीं रिओ येथें उरुग्वेकडून १-२ असा पराभव पावलेल्या ब्राझीलनें १९५८ सालीं स्वीडनमध्यें विश्वचषक जिंकला. चार गडी बचावास, दोन मध्यभागीं व चार आघाडीस, असा त्याचा व्यूह होता. त्याचें सारें श्रेय गारिंचा, वावा व सतरा वर्षांचा पेले यांस देऊन आपण मोकळे होतों.

या व्यूहाचे गुण उघड आहेत. पूर्वीच्या रूढ रचनेंत बचावास तिघेच असत. त्यांच्यावर चौघे चालून आले म्हणजे एक तरी मोकळा राही. दोन्ही बगलांचे गडी रेषेलगत असल्यानें प्रतिपक्षाची फळी ताणली जाई आणि मधल्या जोडीस वाट सांपडे. शिवाय स्वतःच्या बचावांत चौथा गडी आल्यानें पाठहि राखली जाई. पहिल्या चार सामन्यांत ब्राझीलवर एकहि गोल झाला नाहीं. पुढें फ्रान्स व स्वीडन या दोघांवरहि त्यानें ५-२ असा विजय मिळविला.

परंतु दोषहि तितकाच मोठा होता. गोलरक्षक वगळतां दहांपैकीं आठ गडी दोन टोंकांस गेले, म्हणजे विस्तीर्ण मध्यभूमि डीडी व झिटो या दोघांच्याच शिरावर पडे. तेथें समोरून तिघे उतरले कीं चेंडू त्यांचा. आणि चेंडूच आला नाहीं तर आघाडीचे चौघे काय करणार? ही उणीव डाव्या बगलेच्या झागालोनें भरून काढली. चेंडू गमावतांच तो मागें धांवून मध्यभागीं तिसरा होई व संधि येतांच पुन्हां पुढें जाई. अंतिम सामन्यांत त्यानें गोलहि केला.

१९६२ सालीं चिलीमध्यें तो बव्हंशीं मध्यभागींच खेळला, आणि ब्राझीलनें चषक राखला. चौघांची आघाडी प्रत्यक्षांत तिघांची झाली होती. १९६६ सालीं इंग्लंडनें तर बगलेचे स्वतंत्र गडी न ठेवतांच अंतिम सामना जिंकला.

म्हणून आम्हांस वाटतें कीं, या व्यूहाची परीक्षा आघाडीस किती गडी उभे केले यावरून करूं नये. चेंडू गेल्यावर त्यांतील कोण परत धांवतो, हें आधीं पाहावें.