उदगीरचे दोन मांडव

एप्रिल २०२२मध्ये लातूर जिल्ह्यातील उदगीर येथे ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते भारत सासणे. त्याच सुमारास त्याच गावी विद्रोही साहित्य संमेलनाचाही मांडव पडला होता. मोठ्याने हात पुढे केला असता लहानाने तो धरावा की नाही, हा मराठीतला जुना पेच तेथे पुन्हा डोळ्यांपुढे आला.

हाच पेच अलीकडे संगणकीय जगात उभा राहिला. मॅस्टोडॉन (२०१६) हे कुणा एकाच्या मालकीचे नाही. अनेक स्वतंत्र सर्व्हर, प्रत्येकाचा चालक निराळा, नियम निराळे; सामाईक संकेतांमुळे मात्र एकाकडचा मजकूर दुसऱ्याकडे पोहोचतो. जुलै २०२३मध्ये मेटा कंपनीने 'थ्रेड्स' सुरू करून या जाळ्याशी जोडले जाण्याचा मनोदय सांगितला, तेव्हा काही चालकांनी दार लावून घेतले, काहींनी उघडे ठेवले. दार लावणाऱ्यांची भीती निराधार नव्हती. गूगल टॉक २००५मध्ये अशाच खुल्या संकेतांवर आले, पुढल्या वर्षी इतर सर्व्हरांशी जोडले गेले. २०१३मध्ये हँगाउट्स आणताना गूगलने ते संकेत सोडण्यास आरंभ केला. तोवर बहुतेकांचे स्नेही गूगलच्याच अंगणात जमले होते.

१८८५मध्ये न्या. रानडे यांच्या पुढाकाराने भरणाऱ्या ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांना आले. त्यांनी ते नाकारले, आणि नकाराची कारणे लिहून कळविली. आमच्या मते या नकाराचे मोल कारणे देण्यात आहे. जे इतरांचे मानवी हक्क मान्य करीत नाहीत त्यांच्यात मिसळून आपल्या लोकांचे हित कसे साधणार, असा त्यांचा रोख होता. म्हणजे आक्षेप निमंत्रकाच्या आकाराला नव्हता, व्यवहाराला होता. थ्रेड्सविषयीच्या वादात हा भेद पुष्कळदा सुटलेला दिसतो.

दुसरी वाट १९६१ची. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६पासूनची, वयाने वडील. मराठवाड्याची परिषद निजामी राजवटीत वाढलेली. पुणे, मुंबई, नागपूर आणि मराठवाडा येथील चार संस्थांचे मिळून साहित्य महामंडळ झाले आणि त्याचे कार्यालय दर तीन वर्षांनी फिरते राहिले. वडीलकी होती, पण दप्तर कायमचे कुणाकडे राहिले नाही. उदगीरच्या वेळी ते मराठवाड्याकडेच होते.

ही व्यवस्था आदर्श आहे असे आम्ही म्हणणार नाही. संमेलन कोठे भरेल हे निमंत्रक संस्थेची ऐपत पाहूनही ठरते, शासकीय अनुदानाचा भार वाढतो, आणि तालुक्याच्या गावी दहा-बारा जणांत चालणाऱ्या साहित्य मंडळाला तेथे मत नसते. १९८५मध्ये शंकर पाटील यांच्या अध्यक्षतेखाली नांदेडला संमेलन झाले, तेव्हाही हेच चित्र होते. तरी लहान सर्व्हरच्या चालकाने मेटाला हो म्हणण्यापूर्वी एवढे विचारावे: दप्तर कोणाकडे राहणार, आणि उद्या संबंध तुटले तर आमचे वाचक आमच्यासोबत परत येऊ शकतील काय? उत्तर मिळेपर्यंत एकाने दार लावले आणि शेजाऱ्याने उघडे ठेवले, तर त्यात आम्हांस फूट दिसत नाही. उदगीरलाही मांडव दोन होते.