दुःख, श्रद्धा आणि पुनर्वसन : पंडिता रमाबाईंच्या ख्रिस्ती जीवनाचा एक अभ्यास

प्रस्तावना

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) जीवनाचे विवेचन मराठीत बराच काळ दोन वेगळ्या दालनांत होत राहिले. समाजसुधारणेच्या इतिहासाने आर्य महिला समाज, हंटर आयोगापुढील साक्ष आणि शारदा सदन एवढ्यापुरत्या रमाबाई स्वीकारल्या. ख्रिस्ती चरित्रवाङ्मयाने केडगावच्या रमाबाई आपल्या मानल्या. देवदत्त नारायण टिळक यांचे १९६० मधील चरित्र, तसेच पुढे मीरा कोसंबी आणि उमा चक्रवर्ती यांचे संशोधन यांमुळे ही भिंत बरीच ढासळली आहे. तरीही रमाबाईंची श्रद्धा ही त्यांच्या कार्यातील एक अडचण होती, असा सूर वर्गातील अध्यापनात आणि गौरवग्रंथांत अद्याप ऐकू येतो. रमाबाईंच्या कार्याची प्रेरणा त्यांच्या श्रद्धेतून वेगळी काढता येत नाही, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ख्रिस्ती धर्माने त्यांना दुःखाचे विस्मरण दिले नाही. उद्ध्वस्त झालेल्या स्त्रीचे आयुष्य पुन्हा उभे राहू शकते हा विश्वास त्याने त्यांना दिला.

दुःखाचे स्वरूप

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे विद्वान होते. पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवण्याचा अपराध त्यांनी जाणूनबुजून केला होता. तीर्थोतीर्थी पुराण सांगून मिळणाऱ्या दक्षिणेवर कुटुंबाचा निर्वाह चाले. १८७० च्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला, तेव्हा या विद्येचा उपयोग उरला नाही आणि दुसरे कोणतेही काम घरातील कोणाला शिकवलेले नव्हते. रानातील पाने खाऊन दिवस काढण्याची वेळ आली. आईवडील आणि थोरली बहीण पाठोपाठ गेली. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी भ्रमंती करीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीच्या साथीत पतीचे निधन झाले. त्या वेळी रमाबाई २३ वर्षांच्या होत्या आणि मुलगी मनोरमा एक वर्षाचीही झालेली नव्हती.

या मृत्युमालिकेचा उल्लेख प्रत्येक चरित्रात येतो. तिच्याइतकाच महत्त्वाचा असलेला दुसरा आघात मात्र थोडक्यात आटोपला जातो. कलकत्त्यात केशवचंद्र सेन यांच्या सांगण्यावरून रमाबाईंनी वेदांचे वाचन सुरू केले आणि धर्मशास्त्रेही अभ्यासली. स्त्रीला स्वतंत्रपणे मोक्षाचा अधिकार नाही, पतिसेवा हीच तिची गती, असा निष्कर्ष त्यांना या शास्त्रांतून काढावा लागला. ज्या परंपरेत आपण पंडिता ठरलो, त्याच परंपरेत आपणास आशेला जागा नाही, ही जाणीव वैधव्याच्या दुःखाहून निराळी होती. पुढे त्यांनी आपल्या संस्थेला 'मुक्ती' हेच नाव दिले, ते या संदर्भातच पाहावे लागते.

फुलहॅम येथील अनुभव

१८८३ मध्ये वैद्यकीय शिक्षणाच्या उद्देशाने रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात राहिल्या. श्रवणदोष वाढत गेल्याने वैद्यकाचा विचार सोडावा लागला. सोबत गेलेल्या आनंदीबाई भगत यांनी तेथेच आत्महत्या केली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात त्यावर बरीच टीका झाली. जोतीराव फुले यांनी मात्र १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली.

या निर्णयाचे कारण रमाबाईंनी स्वतः १९०७ च्या आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात सांगितले आहे. वाँटेजच्या भगिनींचे लंडनमधील फुलहॅम येथे, समाजाने 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह होते. तेथे राहिलेल्या काही स्त्रिया इतक्या बदलल्या होत्या की त्या आता इतरांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांना कोणी दयेने जवळ करते, हेच रमाबाईंना नवे होते. या भगिनी हे काम का करतात, असे विचारल्यावर त्यांना योहानकृत शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. येथील क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी सावरलेल्या स्त्रिया दिसल्या, मग त्यामागील वचन कळले. ही उपपत्ती तर्कशास्त्रात टिकणार नाही. परंतु दुष्काळातून वाचलेल्या व्यक्तीला तर्काहून अधिक काही हवे असते.

बाप्तिस्मा म्हणजे बुद्धी गहाण ठेवणे नव्हे, याची साक्ष भगिनी जेराल्डिन आणि डोरोथिया बील यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार देतो. हा पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध केला. त्रैक्याच्या सिद्धांतावर रमाबाई त्यात उघड वाद घालतात. क्रुसावरील लॅटिन अक्षरे आपल्या देशभगिनींना परकी आहेत, असा आक्षेपही त्या घेतात. चर्चची सत्ता आणि ख्रिस्तावरील श्रद्धा यांत त्यांनी केलेला हा भेद मिशनरी मंडळींना रुचला नाही.

शारदा सदन ते मुक्ती

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढील वर्षी ते पुण्यात आले. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई नातू यांचा १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला. त्या हिंदूच राहिल्या. सदनाचा लाभ धर्मांतरावर अवलंबून नव्हता, याचे हे उत्तम उदाहरण होय.

दरम्यान रमाबाईंच्या अंतरंगात दुसरे स्थित्यंतर घडले. बाप्तिस्म्यानंतर सुमारे ८ वर्षांनी, विल्यम हॅस्लॅम यांचे 'फ्रॉम डेथ इन्टु लाइफ' वाचताना, आपणास धर्म मिळाला पण ख्रिस्त मिळाला नाही, अशी जाणीव त्यांना झाली. त्यानंतर त्यांची प्रार्थना अधिक उघड झाली आणि काही मुली तीत बसू लागल्या. १८९३ मध्ये 'केसरी'ने टीकेची झोड उठवली, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. रमाबाईंनी कोणावर सक्ती केल्याचा पुरावा आढळत नाही. तथापि धार्मिक तटस्थतेच्या आश्वासनावर विसंबलेल्या रानड्यांसारख्यांना विश्वासभंग वाटला, तो केवळ सनातनीपणातून वाटला असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा स्वतःचे बालपण त्यांच्यासमोर उभे राहिले. तेथून त्यांनी सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले. सदनाला उत्पन्न मिळावे म्हणून केडगावला घेतलेली जमीन आता कामी आली. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर मुक्तीची लोकसंख्या १,९०० च्या आसपास गेली.

एवढ्या उपाशी, आजारी, घाबरलेल्या मुलींना सावरण्याची जी रीत तेथे घडली, तीत प्रार्थनेइतकेच श्रमाला स्थान होते. शेती, गोठा, तेलघाणा, विणकाम, शिवण, छापखाना ही सर्व कामे मुली शिकत. कोणतेही काम न शिकवल्यामुळे ज्यांचे कुटुंब उपासमारीने संपले, त्या रमाबाईंनी प्रत्येक मुलीच्या हाताला काम दिले, हा योगायोग नव्हे. वंचना झालेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. त्यात फुलहॅमचा नमुना स्पष्ट दिसतो. अंधांसाठी बार्तीमी सदन होते आणि मनोरमाबाईंनी तेथे ब्रेल लिपीचे शिक्षण आणले.

जून १९०५ मध्ये मुक्तीत झालेल्या उज्जीवनात शेकडो मुली रडत, पापे कबूल करीत, मोठ्याने एकत्र प्रार्थना करू लागल्या. पाश्चात्त्य निरीक्षकांपैकी काहींना हा उन्माद वाटला. भारतीय स्त्रियांनी आपल्या रीतीने भक्ती करावी, अशी भूमिका घेऊन रमाबाईंनी त्यांचे समर्थन केले. या घटनेविषयी मिनी अब्राम्स यांनी लिहिलेल्या पुस्तिकेचा प्रभाव पुढे चिली देशापर्यंत पोहोचला. आवाज गमावलेल्या मुलींना येथे दुःख बोलून दाखवण्याची एक मान्य भाषा मिळाली, असे इतिहासकाराला म्हणता येईल. मात्र अन्न, निवारा आणि धर्म एकाच हातून मिळत असता अल्पवयीन मुलीची निवड कितपत मुक्त होती, हा प्रश्न मुक्तीच्या इतिहासातून पुसता येत नाही आणि उज्जीवनाच्या उत्साहाने तो सुटतही नाही.

अखेरची वर्षे

रमाबाईंचा श्रवणदोष कधीच बरा झाला नाही. उत्तरायुष्यात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतर संस्कृतप्रचुर असून अल्पशिक्षित बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती. संस्कृतमुळे पंडिता ठरलेल्या विदुषीने संस्कृतचा भार उतरवण्यासाठी उतारवयात एवढा खटाटोप करावा, हे विशेष होय. २४ जुलै १९२१ रोजी, जिच्यावर संस्थेची भिस्त होती ती मनोरमाही गेली. रमाबाईंनी काम थांबवले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण भाषांतर १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणाऱ्या हातांत दुष्काळातून आलेल्या मुलींचे हातही होते.