दवाखान्यात सुई टोचली तर काय करावे? नर्स, आरोग्य सेविका व सफाई कर्मचाऱ्यांसाठी माहिती

ग्रामीण रुग्णालय असो की प्राथमिक आरोग्य केंद्र, इंजेक्शन, सलाईन, रक्त काढणे ही कामे सिस्टरच्याच हातची. गर्दीत वापरलेली सुई बोटाला टोचते, पाण्याखाली हात धरला की काम पुन्हा सुरू. ‘एवढ्याशा टोचण्याला काय होतंय’ म्हणून कोणी सांगतही नाही. धोका इथेच आहे.

धोका किती?
रुग्णाला हिपॅटायटिस बी असेल आणि टोचलेल्या व्यक्तीने लस घेतलेली नसेल, तर लागण होण्याची शक्यता शंभरात 6 ते 30 असते. हिपॅटायटिस सीची साधारण शंभरात 2, तर एचआयव्हीची हजारात 3. म्हणजे घाबरून जाण्याचे कारण नाही, पण दुर्लक्षही परवडणारे नाही.

टोचू नये म्हणून
- वापरलेल्या सुईला परत टोपण लावू नये. बऱ्याच सुया टोपण लावतानाच टोचतात.
- सुई हाताने वाकवू किंवा मोडू नये. हब कटर वापरावा.
- सुया, ब्लेड पांढऱ्या, न भोसकणाऱ्या डब्यातच टाकाव्यात. डबा कामाच्या जागेजवळ ठेवावा आणि पाऊण भरला की बंद करावा.
- उघडी सुई ट्रेमध्ये, गादीवर किंवा कचऱ्याच्या पिशवीत राहू देऊ नये. ती नंतर सफाई कामगाराच्या हातात घुसते.
- हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस (0, 1 आणि 6 महिने) पूर्ण करावेत.

टोचलीच तर
- जागा लगेच साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. रक्त पिळून काढू नये, बोट तोंडात घालू नये, स्पिरिट किंवा ब्लीचिंग लावू नये.
- डोळ्यात रक्त उडाले तर भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा.
- लगेच वैद्यकीय अधिकाऱ्यांना सांगून रजिस्टरला नोंद करावी.
- एचआयव्ही रोखणारी औषधे (पीईपी) गरज असल्यास शक्यतो 2 तासांत सुरू व्हावीत. 72 तासांनंतर त्यांचा उपयोग होत नाही. कोर्स 28 दिवसांचा असून मध्येच सोडू नये.
- हिपॅटायटिस बी लस झालेली नसेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यावरही वेळेत उपाय करता येतो.

तालुक्यापासून लांबच्या केंद्रात 2 तास जाण्या-येण्यातच निघून जातात. म्हणून पहिला डोस कुठे मिळतो, रात्री कोणाला फोन करायचा, हे भिंतीवर आधीच लिहून ठेवलेले बरे.

कायदा काय म्हणतो?
जैववैद्यकीय कचरा नियम 2016 नुसार हा कचरा हाताळणाऱ्यांना हिपॅटायटिस बी व धनुर्वाताची लस देणे आणि अपघाताची नोंद ठेवणे ही दवाखान्याची जबाबदारी आहे. एचआयव्ही-एड्स कायदा 2017 नुसार संरक्षणाची साधने, प्रशिक्षण व पीईपी मिळणे हा कर्मचाऱ्यांचा हक्क आहे. खासगी दवाखानेही यातून सुटलेले नाहीत.

सुई टोचणे हा कामावरचा अपघात आहे, तो लपवायचा गुन्हा नव्हे. अधिक माहितीसाठी राष्ट्रीय एड्स हेल्पलाइन 1097 मोफत आहे.